देवगडच्या मांगरात उभी असलेली 1973 ची महिंद्रा एफसी पिकअप दुरुस्तीसाठी घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की राहता ठाण्यात, मूळ घर देवगडकडे, शेजाऱ्यांच्या मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात, 1973 ची महिंद्रा एफसी-150 पिकअप बारा वर्षं उभी आहे. इंजिन जाम, रंग बरा, दीड लाख मागतायत. घेऊन हळूहळू पूर्ववत करावी का?

घ्या, पण चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) आणि कागद स्वतः बघितल्याशिवाय एक रुपयाही इसार देऊ नका. इंजिनाची चिंता तूर्त बाजूला ठेवा. माझं उलटं झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नऊ वर्षांपूर्वी राजापूरजवळून मी अशीच गाडी घेतली. विकणाऱ्याने इंजिन सुरू करून दाखवलं, एका सेल्फला लागलं, मी तिथेच विरघळलो. खालून सगळं काळं कुळकुळीत, ताजा रंग. घरी आणल्यावर आमच्या कणकवलीच्या मिस्त्रीने पहिलं वाक्य टाकलं, "आधी खाली निजान बघ, मगे वरसून बघ." मागच्या पाट्याचा (स्प्रिंगचा) हँगर, म्हणजे पाटा टांगायचा कंस, जिथे चासीला बसतो तिथे त्याने स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि तळहाताने नुसता दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकाला लालसर ओला भुगा. त्या रंगाखाली चासीचा पत्रा उरलाच नव्हता, पुट्टी आणि डांबर होतं. दोन्ही बाजूंचा मागचा भाग कापून नवीन चॅनल (चासीच्या लांब वळवलेल्या पट्ट्या) जोडावे लागले. गाडीच्या किमतीपेक्षा जास्त पैसे त्या दोन हातभर लोखंडात गेले.

किनाऱ्यावर गंज वेगळाच असतो. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ पत्र्यावर बसतं आणि हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसला तरी लोखंड रात्रभर ओलं राहतं. घाटावरची गाडी वरून गंजते आणि ते दिसतं. आपली गाडी आतून खाल्ली जाते, चॅनलच्या वळणात, दोन पत्रे एकावर एक असतात तिथे, हौद्याच्या, म्हणजे मागच्या माल ठेवायच्या भागाच्या, फळ्यांखाली.

म्हणून शेजाऱ्यांना पहिला प्रश्न हा विचारा की गाडीने आयुष्यभर काय वाहिलं. मासळी वाहिली असेल तर बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं हौद्यातून थेट चासीवर ठिबकलेलं असणार. अशी गाडी मी फुकटातही घेणार नाही. चिरे (बांधकामाचे दगड) वाहिले असतील तर गंज कमी, पण पाटे बसलेले आणि क्रॉस मेंबरच्या (चासीच्या आडव्या पट्ट्यांच्या) रिव्हेटांपाशी बारीक तडे असण्याची शक्यता मोठी. आंब्याची गाडी सगळ्यात चांगली. दोन-तीन महिने पेट्या वाहायच्या, बाकी वर्षभर छपराखाली.

तपासायला जाताना जुने कपडे, टॉर्च, लहान हातोडी आणि स्क्रू ड्रायव्हर न्या. चासीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हातोडीने ठोकत जा. सलग ठण् ठण् वाजलं पाहिजे. जिथे आवाज बद्द होईल तिथे थांबा, खरवडा, टोचून बघा. पुढचे-मागचे हँगर, स्टीअरिंग बॉक्सची जागा आणि केबिन चासीवर बसते ते माउंट, एवढ्यावर जास्तीत जास्त वेळ घालवा. एफसीमध्ये ड्रायव्हर पुढच्या चाकांच्या वर बसतो, बॉनेट नसतंच, इंजिन दोन सीटांच्या मधल्या डब्यात. त्यामुळे तुमच्या पायाखालचा पत्रा आणि चाकाच्या कमानीचा पत्रा एकच. मॅटिंग उचलून बघाच. विकणारा खरवडू देत नसेल तर चहा घेऊन घरी या.

आता कागद. इथे मात्र घाई करणारे सगळे अडकतात. आरसी बुक कुणाच्या नावावर आहे? बहुतेक वेळा आजोबांच्या, आणि ते हयात नसतात. मग आधी वारसांच्या नावावर फॉर्म 31 ने, आणि त्यानंतर 29 आणि 30 ने तुमच्या नावावर. चार भावंडांपैकी एक मुंबईत, एक बडोद्यात, सगळ्यांच्या सह्या हव्यात. हे काम शेजाऱ्यांनी आधी करावं, पैसे नंतर. आणखी एक, सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 ला झाला. 1973 च्या गाडीची मूळ नोंद इथल्या दप्तरात सुरू झालेलीच नसणार. कुठल्या कार्यालयाची नोंद आहे ते पुस्तकात वाचा आणि ती 'वाहन' या सरकारी ऑनलाइन नोंदणी प्रणालीवर चढली आहे का ते बघा. नसेल तर बॅकलॉग एंट्रीसाठी, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवून घेण्यासाठी, हेलपाटे आहेत.

चासी नंबर स्वतःच्या हाताने शोधा. वायर ब्रशने हलकेच साफ करा, कागद ठेवून वरून पेन्सिल घासा. आरटीओत अशीच छाप घेतात. आकडे गंजाने खाल्ले असतील आणि छाप उठत नसेल, तर चासी कितीही चांगली असली तरी सौदा सोडा. इंजिन नंबरही पुस्तकाशी जुळवा, कारण पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेल्या गाड्या आपल्याकडे ढिगाने आहेत आणि ती नोंद क्वचितच कुणी केलेली असते.

व्हिंटेज नोंदणीबद्दल अनेकांचा गैरसमज आहे. 2021 च्या नियमाने 50 वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात असलेल्या खासगी वापराच्या गाड्यांना ही नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये आणि 'व्हीए' मालिका, आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. तुमची पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर ती या नियमात बसेलच असं धरून चालू नका. आरटीओत आधी विचारा, जमल्यास लेखी.

इंजिन जाम आहे हे मी जाणूनबुजून शेवटी घेतलं. मूळचं असेल तर ते 2199 सीसीचं हरिकेन नावाचं पेट्रोल इंजिन, इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये. एफसी ही गाडी विलीज या जीप कंपनीने अमेरिकेत 1956 च्या अखेरीस आणली, तिकडे ती 1965 ला संपली, पण हेच इंजिन आपल्याकडे महिंद्राच्या सीजे-3बी जीपमध्ये कितीतरी वर्षं येत राहिलं. त्यामुळे पिस्टन, रिंग, गॅस्केट मिळतात. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल सोडा, आठवडाभर मुरू द्या, मग क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हलक्या हाताने पुढे-मागे करा. सेल्फ मारू नका. ब्लॉकला तडा नसेल तर बाकी सगळं काम कोल्हापूरला उद्यमनगरात होतं, बोअरिंगपासून बुशिंगपर्यंत. केबिनची काच, दारांचे पत्रे, दिव्यांच्या रिंगा मिळायला मात्र वर्षं जातात, म्हणून मांगरातला एकही तुकडा भंगारात जाऊ देऊ नका. घुशीने पोखरलेली सीटसुद्धा नमुना म्हणून लागते.

रंगाचं काम जानेवारी ते एप्रिल. मी पहिल्यांदा जूनच्या तोंडावर रंग मारला आणि गणपतीपर्यंत दारावर मुगाएवढे फोड आले. सँडब्लास्टिंग केलेला (वाळूच्या माऱ्याने गंज उडवलेला) पत्रा किनाऱ्यावर एका रात्रीत पिवळा पडतो, तेव्हा त्याच दिवशी संध्याकाळच्या आत इपॉक्सी प्रायमर बसला पाहिजे. शक्य असेल तर ब्लास्टिंग आणि प्रायमर घाटावरच उरकून घ्या, चासी टेम्पोत घालून न्या. परत आल्यावर चॅनलच्या आतल्या बाजूला मेणाचा थर फवारा, आणि दर दिवाळीला खालून गोड्या पाण्याने धुऊन तो पुन्हा मारा. जळकं ऑइल मारायची आपल्याकडे पद्धत आहे, पण त्याने बुश आणि ब्रेकचे रबर फुगतात.

दीड लाख मला जास्त वाटतात. छाप स्पष्ट उठली आणि हँगरपाशी पत्रा वाजला, तर लाखाच्या आसपास बोला आणि तेवढेच पैसे पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला ठेवा. बघायला जाल तेव्हा मागच्या दोन्ही हँगरचे आतल्या बाजूचे फोटो काढा आणि इथे टाका. मी बघून सांगतो.