कोकणात पिकअपला कुठले टायर घालावेत?

रत्नागिरीहून आंबा-मासळीची भाडी मारता म्हणालात, म्हणजे नक्षीच्या आधी लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, बघा. टायरच्या बाजूला १०६/१०४ असं काहीतरी छापलेलं असतं. १०६ म्हणजे पुरेशी हवा असताना एका टायरवर ९५० किलो; १०४ हा जोडटायर असतील तेव्हाचा आकडा. स्वस्त पडतो म्हणून कारचा टायर चढवू नका. पेट्या भरून घाट उतरताना तापून फुटला की संपलं.

पुढे उभ्या रेघांचा रिबच घाला, ओल्या डांबरावर स्टिअरिंग हातात राहतं. मागे लग, म्हणजे जाड आडव्या ठोकळ्यांच्या नक्षीचा टायर, हवा तो बागेतल्या लाल चिखलात गाडी न्यायची असेल तरच. नुसत्या हायवेवर तो घूं-घूं करतो नि लवकर झिजतो.

टायरच्या बाजूलाच DOT अक्षरांपुढे छापलेल्या डीओटी क्रमांकाचे, बनवल्याची तारीख सांगणारे, शेवटचे चार आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. माझ्या गळ्यात एकदा गोदामात चार वर्षं पडलेली जोडी मारली होती. नक्षी कोरी करकरीत, आणि कडेला नखाएवढ्या भेगा!

कायद्याने नक्षीची खोली १.६ मिमीपर्यंत चालते. मी मात्र ३ मिमी उरली की मिरगाआधीच बदलतो.