पोलिसांनी मुद्दामालात नेलेली स्कूटर परत कशी मिळवायची? केसशी माझा काहीच संबंध नाही

तुम्ही लिहिलंय की सातम-आठमला (जन्माष्टमीच्या सुमारास) शेजारच्या घरी जुगाराची रेड पडली, तुमची स्कूटर त्यांच्या दारासमोर उभी होती म्हणून तीही पोलिसांनी नेली आणि आता "कोर्टातून सोडवून घ्या" एवढंच ऐकायला मिळतंय. बडोद्यात 2019 च्या श्रावणात आमच्याकडे अगदी हेच झालं, दांडिया बाजारात, स्कूटर आईच्या नावावर.

मी दीड महिना फुकट घालवला. रोज ऑफिस सुटलं की पोलिस स्टेशन, साहेब बंदोबस्ताला गेलेत, रायटरला (लिखापढी करणाऱ्या पोलिसाला) भेटा, उद्या या. तुम्ही हे करू नका. जप्तीचा रिपोर्ट एकदा मॅजिस्ट्रेटकडे गेला की गाडी कोणाला द्यायची ते कोर्टच ठरवतं, त्यामुळे कितीही ओळख काढलीत तरी उपयोग नाही, थेट बडोद्यातल्या दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात वकील गाठा आणि मुद्दामाल, म्हणजे जप्त केलेली वस्तू, परत मिळण्याचा अर्ज टाका. पूर्वी हा सीआरपीसीच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) कलम 451 आणि 457 खाली व्हायचा, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 497 आणि 503. वकील बहुतेक दोन्ही लिहितात.

आणि अर्जात सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य हा 2002 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल घालायला सांगाच. आपल्याच गुजरातची केस आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की जप्त गाड्या पोलिस स्टेशनात वर्षानुवर्षं ठेवण्यात काही अर्थ नाही, बाँड आणि जामीन घेऊन लवकर सोडा. आमच्या वकिलांनी तो वाचून दाखवला, कोर्टाने पोलिसांचा अभिप्राय मागवला, ओरिजिनल आरसी, इन्शुरन्स, आधार बघितलं आणि अठराव्या दिवशी ऑर्डर झाली. अटी नेहमीच्याच, गाडी विकायची नाही, रंग बदलायचा नाही, कोर्ट बोलवेल तेव्हा हजर करायची. अर्ज नामंजूर झाला तर सेशन्स कोर्टात रिव्हिजन (निर्णय पुन्हा तपासण्याचा अर्ज) करता येते, घाबरू नका. फोनही नेला असेल तर त्याला जास्त वेळ लागू शकतो, तपासणीला पाठवतात. (दारूच्या केसमधली गाडी असती तर मात्र प्रकरण फार अवघड झालं असतं, गुजरातचा दारूबंदी कायदा वेगळाच कडक आहे, पण तुमचं तसं नाही.)

आता जे मला आधी कोणी सांगितलं नाही ते. पंचनाम्याची कॉपी मिळवा आणि ओळ न ओळ वाचा. आईचा नवीन चष्मा आणि साखरेच्या गोळ्यांची पट्टी डिकीत होती. पंचनाम्यात इंजिन नंबर, चेसिस नंबर, रंग सगळं बरोबर, डिकीबद्दल एक शब्द नाही, त्यामुळे चष्मा गेला तो गेलाच, मागणार कशाच्या जोरावर? आई आजही त्या चष्म्याची आठवण काढते, पहिल्यांदाच तिने स्वतःच्या आवडीची फ्रेम घेतली होती. तुमच्या वेळी नवा कायदा लागू आहे, कलम 105 प्रमाणे जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायला हवं, म्हणून डिकीत काय होतं त्याची यादी आजच लिहून काढा, अर्जात टाका आणि व्हिडिओही मागा.

ऑर्डर घेऊन गेलो तेव्हा स्कूटर लिंबाखाली मागच्या भिंतीला टेकून होती, हँडलला सुतळीने बांधलेल्या चिठ्ठीवरचा मुद्दामाल नंबर पावसाने पसरून निळा डाग झालेला, पुढचा टायर बसलेला, सीटवर चिखल आणि पानं. बॅटरी तर संपलेलीच. मी आनंदाच्या भरात ताबा पावतीवर सही करून मोकळा झालो आणि मग बघितलं की उजवा आरसा आणि साइडचं कव्हर गायब. तुम्ही आधी चारी बाजूंनी फोटो काढा, डिकी उघडून बघा, जे कमी आहे ते पावतीवरच लिहायला लावा, मग सही करा. आणि ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या, मला गाडी घरापर्यंत ढकलत आणावी लागली.