आकाश, मैदान आणि मोडी कागद : कोणतं दार आधी बंद होतं?

प्रश्न : मी जुन्नर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. मुलगी एस.वाय.बी.एस्सी.ला आहे, मुख्य विषय भौतिकशास्त्र. पहिल्या वर्षाला 71 टक्के, पण दुसऱ्या सत्रात गणितात 52. कॉलेजच्या खो-खो संघात खेळते. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना बघत मोठी झाल्यामुळे आकाशाचं वेड आहे. दुसरीकडे आजोबांच्या पेटीतले मोडी कागद उलगडत बसते, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना जुन्या गोष्टी विचारते. तिला संशोधनातच जायचं आहे. एका परिचितांनी सांगितलं की आता तिन्ही जोडून पीएच.डी. करता येते. त्यांनी विषयही सुचवला : ‘ग्रामीण शाळांतील खगोलज्ञान, शारीरिक शिक्षण व समाजजीवन : एक अभ्यास’. हे योग्य आहे का? पुढे नोकरीचं काय?
– एक पालक

उत्तर :

सर, नमस्कार.

आधी त्या सुचवलेल्या विषयाबद्दल. त्यात तीन क्षेत्रांची नावं आहेत आणि शेवटी ‘एक अभ्यास’ आहे. प्रश्न कुठेच नाही. नोंदणीच्या मुलाखतीत पहिलंच विचारतील, ‘नेमकं काय शोधणार आणि ते चूक ठरलं तर कळणार कसं?’ या शीर्षकाला त्याचं उत्तर देता येत नाही. असे विषय मंजूर होत नाहीत असं नाही. होतात, आणि मग चार वर्षांनी शंभर शिक्षकांकडून भरून घेतलेली प्रश्नावली, टक्केवारीचे तक्ते आणि ‘जागृती वाढवावी’ अशा शिफारशी एवढंच हातात उरतं. मुलीला त्यात ढकलू नका.

‘तिन्ही जोडून’ यामागे एक गैरसमजही आहे. राज्याच्या 2016 च्या विद्यापीठ कायद्यानंतर ‘आंतरविद्याशाखीय अभ्यास’ नावाची स्वतंत्र विद्याशाखा आहे, हे खरं. पण तिच्या छत्राखाली शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण असे ठरलेले विषय येतात. हवी ती मिसळ करायची मुभा म्हणजे ती विद्याशाखा नव्हे. नोंदणी शेवटी एकाच विषयात होते, मार्गदर्शकही त्याच विषयाचा मान्यताप्राप्त लागतो. पुढे सहायक प्राध्यापकाच्या अर्जाच्या छाननीत ‘संबंधित विषयातली पदव्युत्तर पदवी, किमान 55 टक्के’ बघतात आणि त्यासोबत नेट, सेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा) किंवा पीएच.डी. तीन विषयांना स्पर्श करणारा प्रबंध तिथे तीनही टेबलांवरून परत येऊ शकतो.

म्हणून तिला सध्या ‘तिघांपैकी आवडतं काय’ असं विचारू नका. कोणतं दार आधी बंद होतं, ते बघा.

इतिहासात एम.ए. बऱ्याच विद्यापीठांत कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर करता येतं. शारीरिक शिक्षणाचं बी.पी.एड.ही कोणत्याही पदवीनंतर दोन वर्षांचं आहे, मग एम.पी.एड.ची दोन वर्षं. खेळाडूचा पाय शाबूत असेपर्यंत हे दार उघडं असतं. भौतिकशास्त्राचं तसं नाही. बी.एस्सी.चं गणित आणि भौतिकशास्त्र एकदा सुटलं की पाच वर्षांनी परत शिरणारे अगदी विरळा. भौतिकशास्त्रातून इतिहासात आलेली माणसं सापडतात. इतिहासातून खगोलभौतिकीत गेलेली शोधावी लागतात. तेव्हा आत्ता दोन वर्षं भौतिकशास्त्राचं दार धरून ठेवायचं आणि बाकीची दोन छोट्या, नेमक्या कामांनी तपासायची.

पण दार धरून ठेवायचं म्हणजे ते 52 गुण आधी निस्तरायचे. तुम्ही ते जाता जाता लिहिलंत, पण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. खगोलशास्त्राचं रोजचं काम दुर्बिणीला डोळा लावून बसायचं नाही. खोडदचंच घ्या. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, त्यातल्या 14 मध्यभागी साधारण एक किलोमीटरच्या आवारात आणि उरलेल्या 16 इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर, सुमारे 25 किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. त्यांतून चित्र येत नाही, अँटेनांच्या जोड्यांमधले आकडे येतात. निरीक्षणाच्या सुरुवातीला 3सी 48, 3सी 147 किंवा 3सी 286 अशा, तेजस्विता आधीच माहीत असलेल्या स्रोताकडे दहा-पंधरा मिनिटं रोखायचं. मग मुख्य स्रोत, आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने जवळच्या दुसऱ्या ठरलेल्या स्रोतावर परत यायचं, कारण मधल्या वेळात आयनांबरामुळे (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे) आणि यंत्रणेमुळे संकेतांची कला, म्हणजे लहर कोणत्या टप्प्यावर आहे ते, सरकते. नंतर संगणकावर मोबाइल, विजेच्या तारा, उपग्रह यांचा गोंगाट वेचून काढायचा, मोजमाप जुळवायचं, प्रतिमा बनवायची, ती बिघडली की पुन्हा पहिल्यापासून. गोंगाट कमी वेचला तर प्रतिमेवर पट्टे उमटतात. जास्त वेचला तर त्याबरोबर संकेतही जातो. महिनोन्महिने हे लिनक्सच्या काळ्या पडद्यावर चालतं. हे करताना तिला कंटाळा येतो की तहानभूक हरपते, यावरून जे कळेल ते कोणत्याही कल चाचणीतून कळणार नाही.

त्यासाठी गणितातलं नेमकं काय लागतं? रेषीय बीजगणित, विकल समीकरणं आणि फूरिए रूपांतर, म्हणजे संकेत वेगवेगळ्या लहरींत फोडायची रीत. रेडिओ प्रतिमा म्हणजे शेवटी फूरिए रूपांतरच. दिवाळीच्या सुट्टीपासून रोज दीड तास, आणि फक्त हाताने सोडवलेली गणितं. व्हिडिओ बघून ‘समजलं’ हा प्रकार जॅममध्ये, म्हणजे एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेत, उघडा पडतो. जॅमचा पेपर तीन तासांचा, 60 प्रश्न, 100 गुण. त्यात काही प्रश्नांना पर्यायच नसतात, उत्तर आकड्यात भरावं लागतं. तो पेपर तिच्या तिसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारीत येईल आणि अर्ज साधारण आधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरायचे असतात. जॅममधून आयआयटीतलं एम.एस्सी. आणि आयसरसारख्या संस्थांचं एकात्मिक पीएच.डी. ही दारं उघडतात. टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेची प्रवेश परीक्षा सहसा डिसेंबरमध्ये असते. पुण्याच्या एनसीआरएला, म्हणजे खोडदची दुर्बीण चालवणाऱ्या संस्थेला, जायचं तर हा एक रस्ता आहे. एम.एस्सी.नंतर पीएच.डी.साठी जेस्ट आणि सीएसआयआर नेट या परीक्षा. आयुका ही खगोलशास्त्राची दुसरी संस्था एनसीआरएच्या शेजारीच, विद्यापीठाच्या आवारात आहे. तिची प्रवेशाची पद्धत त्या त्या वर्षाच्या जाहिरातीत बघा.

चार वर्षांच्या संशोधनासह ऑनर्स पदवीचा रस्ता कोणी सुचवला तर आधी तिची टक्केवारी बघा. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात, आणि त्या पदवीवरून थेट पीएच.डी.लाही 75. ती 71 वर आहे. आरक्षित प्रवर्गाला सवलत मिळते, पण त्या आशेवर योजना आखू नका. सरळ एम.एस्सी. करू द्या.

आता मैदान. खेलो इंडियाच्या चाचण्या तुम्हाला मी काय सांगणार? 50 मीटर, 600 मीटर, पुश-अप, कर्ल-अप, बसून पुढे वाकणं, उंची-वजन. हे आकडे तुमच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून असतील. मात्र तो डेटा आणि संशोधनाचा डेटा यांत फरक असतो. बसून पुढे वाकण्याची पेटीच बघा. काही पेट्यांत तळपाय टेकतो ती रेघ 15 सेंटिमीटरवर, काहींत 23 वर, काहींत 26 वर असते. एकाच मुलीचा आकडा पेटी बदलली की 3, 8 किंवा 11 सेंटिमीटरने बदलतो. लवचीकता तीच राहते. दोन शाळांच्या पेट्या न मोजता तुलना केली तर प्रबंधाचा निष्कर्ष मुलांबद्दल नसून सुताराबद्दल असतो. 600 मीटरचंही तसंच. एका शाळेत 200 मीटरच्या आखलेल्या ट्रॅकवर तीन फेऱ्या, दुसरीकडे शाळेभोवती अंदाजाने पाच. एकीकडे सकाळी आठला, दुसरीकडे खिचडी खाऊन दुपारी. मुलीने या सुट्टीत वीस मुलांची एकच चाचणी, त्याच वेळी, त्याच पेटीवर, सात दिवसांच्या अंतराने दोनदा घ्यावी आणि दोन्ही आकडे किती जुळतात ते काढावं. तेवढ्याने शारीरिक शिक्षणातलं संशोधन काय असतं ते कळेल. मात्र हे तुमच्या शाळेत नको. सरांची मुलगी चाचणी घेते म्हटल्यावर ‘नाही’ म्हणायची कोणा मुलाची छाती आहे? दुसरी शाळा, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार.

या क्षेत्रात नोकरीची एक बाजू बरी आहे. महाविद्यालयातल्या शारीरिक शिक्षण संचालकाचं पद सहायक प्राध्यापकाच्याच वेतनस्तरावर आहे, सुरुवातीचं मूळ वेतन 57,700. पण त्यासाठी खेळातला सहभाग लागतो आणि शारीरिक चाचणीही द्यावी लागते. तिशीपर्यंतच्या स्त्रियांना 8 मिनिटांत 1000 मीटर धावणं किंवा चालणं. तेव्हा खो-खोची प्रमाणपत्रं आजच एका फाइलमध्ये लावा, आंतरमहाविद्यालयीन असली तरी. दहा वर्षांनी ती मिळवायला गेलात तर सही करणारे निवृत्त झालेले असतात.

तिसरं दार, गावचा इतिहास. माझ्या मते मुलीचा खरा ओढा इथे असू शकतो, आणि आकाश व गाव यांची प्रामाणिक सांधेजोडही इथेच आहे. आजोबांच्या कागदांत ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं काही दिसलं का, विचारा. ती सुहूर सनातली, म्हणजे जुन्या मराठी कागदांतल्या एका कालगणनेतली, 1161 ही संख्या आहे. सुहूर सनाला मृगसालही म्हणतात, कारण सूर्य मृग नक्षत्रात गेला की वर्ष बदलतं. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेत 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ची, म्हणजे सन 1161 आणि अधिक 600. नवखे सरसकट 599 मिळवतात आणि अर्ध्या वर्षाचे कागद एक वर्ष मागे नेऊन ठेवतात. दुसरी खोच म्हणजे नक्षत्रांवर बेतलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा किंचित मोठं असतं, त्यामुळे मृगाची तारीख साधारण 60 ते 70 वर्षांत एक दिवस पुढे सरकते. आज 7-8 जूनला लागणारा मृग पेशवाईत याच तारखेला लागत नव्हता. इथे भौतिकशास्त्र शिकलेली मुलगी इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या पुढे असते.

यातूनच तिचा एक प्रश्न उभा राहतो. गावातली जुनी माणसं पेरणीची नक्षत्रं आकाशात ओळखत होती, की पंचांगातून आणि आता भिंतीवरच्या कॅलेंडरातून? हा शोधता येतो, आणि चूकही ठरू शकतो. मात्र जूनमध्ये ‘मृग दाखवा’ म्हणून शेतावर जाऊ नये. मृग लागला म्हणजे सूर्यच त्या ताऱ्यांजवळ असतो, ते दिवसा उगवून दिवसाच मावळतात. मृग संध्याकाळी दिसतो तो जानेवारी-फेब्रुवारीत. तेव्हा साठीपुढच्या दहा माणसांना, एकेकट्याला, नाव न सुचवता ‘हे तीन तारे काय?’ असं विचारायचं आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहायचं. घोळक्यात विचारलं तर पहिला बोलतो तेच सगळे म्हणतात. मयंक वाहिया यांनी टीआयएफआरमध्ये असताना सहकाऱ्यांसह गोंड, कोलाम, कोरकू, बंजारा वस्त्यांवर असंच काम केलं आहे. गोंडांना सप्तर्षीच्या चार ताऱ्यांत खाट दिसते, ही त्यातलीच नोंद. वाहिया मूळचे खगोलशास्त्राचे, वस्त्यांवर गेले ते नंतर. दारांचा क्रम मी म्हणतो तो हाच.

पैशाचं थोडक्यात. नेटमधून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000, नंतर 42,000, घरभाडं वेगळं. नेट इतिहासालाही आहे, शारीरिक शिक्षणालाही. भौतिकशास्त्राची सीएसआयआरची, आणि तीत चुकीच्या उत्तराचे गुण कापले जातात. सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी आहे, पण तिच्यातून शिष्यवृत्ती मिळत नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या शिष्यवृत्त्या आपल्या प्रवर्गाप्रमाणे बघा. कोणतीही शिष्यवृत्ती असली तरी पैसे थकून एकदम येतात असं धरून सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. खगोलशास्त्रात कायम पदं फार थोडी आहेत, हे तिला आजच सांगा. डेटावर काम करायचं कौशल्य मात्र बाहेरही खपतं. इतिहासात तसा आडरस्ता नाही.

28 फेब्रुवारीला विज्ञान दिनी खोडदला खुलं प्रदर्शन असतं. तिथे तिने अँटेना बघण्यात वेळ घालवू नये, त्या तिने पाहिल्या आहेत. पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींना गाठून ‘गेल्या आठवड्यात रोज काय केलंत?’ एवढंच विचारावं.

आणि आजोबांची ती कागदांची पेटी. कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, उन्हात वाळवू नका. गठ्ठा ज्या क्रमाने बांधलेला आहे तो क्रम मोडू नका, कोणता कागद कशाला लागून होता हाही पुरावा असतो. प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो, शेजारी पट्टी ठेवून. मोडीसाठी पुराभिलेख संचालनालयाचे वर्ग असतात. आधी रेघ मारून तिच्याखाली अक्षरं टांगलेली असतात, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा नसतो. पहिले दोन महिने एक पान वाचायला आठवडा लागेल. सुरुवात तारखेच्या ओळीपासून करू द्या, तिथले शब्द ठरावीक असतात.