सीएसआरच्या 10 लाखांत कोकणात 5000 झाडं लावायची आहेत, चांगली संस्था कशी निवडावी?

तुम्ही लिहिलंय की चाकणच्या तुमच्या कंपनीकडे यंदा सीएसआरचे (कंपनीने कायद्याने समाजकार्यावर खर्चायचे) 10 लाख आहेत, साहेबांना संगमेश्वरकडे 5000 झाडं लावायचीयत आणि एक ठेकेदार झाडामागे 200 रुपये म्हणतोय. संस्थेचं नंतर सांगतो, आधी त्या 5000 चं बोलू, कारण घोळ तिथेच आहे.

मी 11 वर्षं याच कामात आहे, पहिले रोपं मोजायला जायचो आता प्रपोजलं लिहितो. एका कंपनीने (नाव नको) जुलैत चिपळूणकडे एका सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या कातळाच्या पठारावर, 2000 रोपं लावली. दोन बस भरून स्टाफ, टोप्या, बॅनर, मोठ्या साहेबांच्या हातात कोरी कुदळ, तिच्यावर किमतीचं स्टिकर तसंच. फोटो झाले, वडापाव झाले, चारला मंडळी परत. मार्चमध्ये आम्हाला मोजायला बोलावलं तेव्हा दोन दिवस फिरून 140 जिवंत सापडली. एक वाळलेलं रोप सहज ओढून बघितलं तर मुळ्यासारखं हातात आलं, खाली काळी प्लास्टिकची पिशवी जशीच्या तशी आणि मुळं आतल्या आत गोल गोल फिरलेली. लावताना पिशवी फाडायची असते हे कोणी त्या लोकांना सांगितलंच नव्हतं! बाकीची गुरांनी खाल्ली, उरलेली वणव्यात गेली. अहवालात मात्र 2000 च लागली.

तर 200 रुपयांत रोप येतं हो, खड्डा पण होतो, झाड होत नाही. खरा खर्च नंतरचा. मे महिन्यात खड्डे मारून ठेवायचे, गुरं आत येऊ नयेत म्हणून गडगा (दगडांचा बांध) घालायचा, पाऊस संपला की गवत कापून प्रत्येकाला आळं, गवत वाळायच्या आत चारी बाजूंनी जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढलेला पट्टा), कारण भाजावळीची, म्हणजे पेरणीआधी शेत भाजतात त्याची, एक ठिणगी उडाली की दुपारभरात सगळं काळं होतं. मग फेब्रुवारी ते मे गावातलाच एक माणूस पगारावर राखणीला, आणि पुढच्या पावसात मेलेल्यांच्या जागी नवीन रोपं. हे सगळं निदान तीन वर्षं. या हिशेबाने साहेबांना सांगा 5000 चा आकडा सोडा, एक हेक्टर, हजारेक रोपं, तेवढंच धरा.

यावर साहेब म्हणतील की पैसे तर 31 मार्चच्या आत संपवायचेत. तसं नाहीये. बोर्डाने 'ऑनगोइंग प्रोजेक्ट' म्हणून मंजूर केला तर सुरू केलेलं वर्ष सोडून पुढे 3 वर्षं मिळतात, न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यावर 30 दिवसांत वेगळ्या 'अनस्पेंट सीएसआर अकाउंट'ला टाकायची, 2021 पासून ही सोय आहे. बऱ्याच कंपन्यांच्या अकाउंट्सवाल्यांना हे माहीत असतं पण मार्च एंडला एका चेकमध्ये विषय संपवणं सोपं पडतं, म्हणून आमच्याकडे फेब्रुवारीत फोनवर फोन येतात आणि जूनमध्ये कोणी उचलत नाही. अजून एक, कारखान्याच्या परवानगीत जी झाडं लावायची अट असते ती सीएसआरमध्ये धरता येत नाही, कायद्याने जे करायलाच लागतं ते सीएसआर नाही.

आता तुम्ही न विचारलेलं सांगतो. कोकणात जाताय तर लावण्यापेक्षा उभं आहे ते राखायला पैसे द्या. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नावापुरतंच, बहुतेक रान लोकांच्या सातबाऱ्यावर आहे, ऐन, किंजळ, जांभूळ, बेहडा असं जुनं रान. पोरीचं लग्न निघतं, घराचा स्लॅब टाकायचा असतो, मुंबईचे हिस्सेदार सह्या द्यायला तयार असतात, की ठेकेदाराला रान विकलं जातं आणि ट्रकच्या ट्रक जळाऊ लाकूड निघतं. मी मालकाला दोष देत नाही, रान उभं ठेवायचे त्याला कोण पैसे देतो?

याच संगमेश्वर तालुक्यात पुण्याच्या 'एईआरएफ' (अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन) या संस्थेने जमीनमालकांशी रान न तोडायचे करार केले, मोबदला देऊन. जोडीला हिरडा-बेहड्याचं काम. इंग्लंडच्या 'पुक्का' कंपनीला त्रिफळ्यासाठी ही फळं लागतात, ती 'फेअरवाइल्ड' प्रमाणपत्राच्या नियमाने गोळा होतात म्हणजे झाड ओरबाडायचं नाही, काही फळं पाखरांना ठेवायची, आणि गोळा करणाऱ्याला दर बरा. मोठ्या जुन्या बेहड्यांच्या ढोलीत महाधनेश पक्षी घरटं करतो, आमच्याकडे त्याला गरुडच म्हणतात. ज्या झाडाला जळणापलीकडे किंमत नव्हती ते आता दरवर्षी पैसे देतं म्हटल्यावर कुऱ्हाड जरा थांबते. यात नुसती देणगी नाही, माल विकत घेतला जातो, म्हणून मला हे जास्त टिकाऊ वाटतं.

रान राखायला पैसे देणं सीएसआरमध्ये बसतं का? कंपनी कायद्याच्या अनुसूची 7 मध्ये पर्यावरणाचा समतोल, वनस्पती-प्राण्यांचं रक्षण, नैसर्गिक संपत्तीचं जतन हे सगळं आहे, पण कागद तुमच्या सीएला दाखवून घ्याच.

आणि कृपा करून सड्यावर काही लावू नका. उन्हाळ्यात तो ओसाड दिसतो पण श्रावणात जाऊन बघा, पाय ठेवायला जागा नाही इतकी फुलं असतात, कासला लोक तिकीट काढून तेच तर बघतात. ऑस्ट्रेलियन अकेशिया कोणी सुचवला तर तिथूनच नमस्कार करा, वाढतो भराभर म्हणून फोटोत छान दिसतो, बाकी त्याचा इथल्या पाखराला काडीचा उपयोग नाही.

संस्थेचं म्हणाल तर सीएसआर-1 नोंदणी (सीएसआरचे पैसे घ्यायला लागते ती), आयकराची 12ए, 80जी आणि तीन वर्षांचं काम हे कागद सगळेच दाखवतात. तुम्ही त्यांना एवढंच विचारा की तीन वर्षांपूर्वी लावलेला प्लॉट या एप्रिलमध्ये दाखवाल का, आणि जाल तेव्हा संस्थेच्या माणसाला गाडीपाशी थांबवून तिथल्या गुराख्याशी पाच मिनिटं बोला. गडग्याला खिंडार कधी पडलं, वणवा कुठून आला, राखणदाराचा पगार किती महिने थकलाय, सगळं तोच सांगेल. एप्रिल नको पावसाळ्यात या म्हणाले तर पुढची संस्था बघा.