लिनक्सवर रोजच्या कामासाठी कोणतं टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) चांगलं, किटी की अलाक्रिटी?

किटी घ्या. दोन्ही जीपीयू (ग्राफिक्स चिप) वापरतात, त्यामुळे वेगात एकोणीस-वीसचा फरक. साध्या कामात तो जाणवतही नाही. खरा प्रश्न टॅबचा. लिनक्सवर अलाक्रिटीत टॅब नाहीत, खिडकी विभागायची सोयही नाही, त्यासाठी टीमक्ससारखा (एकाच टर्मिनलचे अनेक भाग करणारा) वेगळा प्रोग्राम शिकावा लागतो. (टीमक्स आधीच अंगवळणी पडलं असेल तर अलाक्रिटी खुशाल वापरा.) किटीत हे आयतं मिळतं, शिवाय चित्रंही टर्मिनलमध्येच दिसतात. एक अडचण मात्र येते: एसएसएचने (दूरच्या संगणकात शिरायची कमांड) जुन्या सर्व्हरवर गेलात की 'क्लिअर', 'टॉप' यांसारख्या साध्या कमांडही टर्मिनल ओळखत नाही म्हणून अडून बसतात, कारण तिथे 'एक्सटर्म-किटी'ची (किटी स्वतःची ओळख या नावाने देतं) टर्मइन्फो नोंद, म्हणजे टर्मिनल कसं चालतं याची माहिती, नसते. अशा वेळी नुसत्या 'एसएसएच'ऐवजी 'किटन एसएसएच' द्या. ती नोंद आपोआप पलीकडे जाते.