कोल्हापूरच्या पावसात सॉफ्ट टॉपची (दुमडणाऱ्या कापडी छताची) छोटी स्पोर्ट्स कार दुसरी गाडी म्हणून टिकेल का?

टिकते, पण छतापेक्षा पाण्याच्या वाटेकडे जास्त लक्ष द्या. माझदा एमएक्स-५ सारख्या गाडीत छतावरून ओघळलेलं पाणी सीटमागच्या दोन कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली जातं. तिथे पाला-माती अडकली की तेच पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत साचतं आणि पत्रा आतून कुजतो. बाहेरून रंग फुगलेला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

म्हणून मे महिन्यातच प्रत्येक कोपऱ्यात अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता. मागच्या चाकाच्या पुढे, गाडीखाली धार पडली पाहिजे. थेंब थेंब आलं तर गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी घालून नळी मोकळी करा. लोखंडी तार नको, नळी फाटते. कॉम्प्रेसरची हवाही नको, जोड सुटतो.

ओलं छत कधीच दुमडून ठेवू नका, दोन दिवसांत बुरशी धरते. ताडपत्रीऐवजी हवा खेळणारं कापडी कव्हर घाला.

गाडी बरेच दिवस उभी ठेवताना हँडब्रेक ओढू नका, दमट हवेत ब्रेकचे पॅड डिस्कला चिकटतात. पहिला गिअर टाका, चाकांना ओंडके लावा. टायरमध्ये ४-५ पीएसआय हवा जास्त भरा. बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली गेली की चार्ज करा.

आणि पंधरा दिवसांतून एकदा उघडीप बघून पन्हाळ्यापर्यंत जाऊन या. नुसतं जागेवर इंजिन चालवलं तर सायलेन्सरमधलं पाणी वाळत नाही, उलट वाढतं.