दाढेमुळे झालेला सायनस डोळ्यात किंवा मेंदूत जाऊ शकतो का?

जाऊ शकतो. क्वचित, पण जातो. तुमचं वर्णन वाचून मात्र मला मेंदूआधी दाढच आठवली: फक्त डाव्या नाकपुडीतून वास मारणारा पिवळा शेंबूड, अँटिबायोटिकचे तीन कोर्स, आणि त्याच बाजूला वर जुनं रूट कॅनल. पुण्यात असं काही झालं की धूळ, थंडी, कबुतरं सगळ्यांना शिव्या देऊन होतात. दाढेकडे कोणी बघत नाही.

हडपसरच्या एका काकांचं हेच झालं. पडदा वाकडा म्हणून नाकाचं ऑपरेशनही झालं, वास तसाच. दाताचा साधा एक्स-रे 'नॉर्मल'. असणारच, कारण त्यात गालाच्या हाडाची सावली नेमकी वरच्या दाढांच्या मुळांवर पडते. सीबीसीटी (दात-जबड्याचा थ्री-डी स्कॅन) केल्यावर दिसलं की पहिल्या दाढेच्या गालाकडच्या पुढच्या मुळातला दुसरा कॅनल (मुळातली नळी) साफ करायचा राहून गेला होता. मुळाच्या टोकाभोवतीचं हाड खाल्लं गेलं होतं आणि वर सायनस, म्हणजे गालाच्या हाडातली पोकळी, अर्धा भरलेला. रूट कॅनल परत केलं, वास गेला. पडद्याचा काहीच दोष नव्हता.

ईएनटीवाले म्हणतात दात दाखवा, दातवाले म्हणतात नाक दाखवा, आणि स्कॅनच्या रिपोर्टमध्ये दाताबद्दल बहुधा एक ओळही नसते. म्हणून स्कॅनच्या चिठ्ठीवरच 'वरच्या दाढांची मुळं आणि सायनसचा तळ बघावा' असं लिहून घ्या. मूळ कारण न काढता चौथा कोर्स घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

आता तुमचा प्रश्न. गालाच्या सायनसमधून पू नाकाच्या मुळाशी असलेल्या एथमॉइड सायनसमध्ये जातो. तिथून डोळ्याच्या खोबणीपर्यंत कागदाएवढी भिंत. शिरांवाटे गेला तर मेंदूच्या तळाशी कॅव्हर्नस सायनसमध्ये (ही हवेची पोकळी नाही, रक्ताची शीर आहे) गुठळी होते, किंवा मेंदूच्या आवरणाखाली पू साठतो. पापणी सुजली, डोळा पुढे आला, हलवताना दुखला, एकाचे दोन दिसले, लाल रंग फिका वाटला, कपाळावर मऊ सूज आली, किंवा तापाबरोबर उलट्या, मान ताठ, गुंगी असं काही झालं तर त्याच रात्री ईएनटी, डोळ्यांचे डॉक्टर आणि सीटी तिन्ही असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात जा, सकाळची वाट बघू नका. तिथे सीबीसीटी कामाचा नाही; कॉन्ट्रास्ट सीटी किंवा एमआरआय लागतो.

डायबेटिस असेल तर नियम आणखी कडक. २०२१ मध्ये म्युकरचे (काळ्या बुरशीचे) कितीतरी पेशंट आधी 'वरचे दात हलतात' म्हणून दातवाल्यांकडेच आले होते.

दाढ काढायचीच ठरली आणि सायनसला भोक पडलं, तर २ मिलिमीटरपर्यंतचं सहसा आपोआप भरतं, ५ च्या वरचं शिवावं लागतं. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, स्ट्रॉ नाही, शिंक आली तर तोंड उघडून.

आणि हो, एका बाजूचा सायनस कधी फंगल बॉल (बुरशीचा गोळा) किंवा गाठही असते. त्यामुळे दाढ सापडली तरी दुर्बिणीतून नाक एकदा बघून घ्याच, रक्त येत असेल तर आधी तेच.